दिवसाची गाडी

माणसांना भेटायला जायचं तर दिवसाच्या गाडीनं जावं. रात्री झोपून गेलं की निम्म्या भेटी हुकतात, असं माझं ठाम मत आहे. परवा कुडाळहून ठाण्याला बहिणीकडे निघालो होतो. शाळासोबतीही तिकडेच, त्यामुळे पिशवीत कोकम, कुळथाचं पीठ आणि प्रत्येकाच्या नावानं बांधलेली पुडकी. रत्नागिरी सुटली, साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा लागला आणि त्या अंधारात डबाभर फणसाचा वास सुटला. समोरच्या मावशींनी लेकीसाठी नेलेला बरका फणस गोणपाटातच उकलला होता. पुढं एका लहान स्टेशनात गाडी क्रॉसिंगला थांबली. १९९८मध्ये पूर्ण सुरू झालेला हा कोकण रेल्वेचा मार्ग अजून बराचसा एकेरी, तेव्हा समोरची गाडी गेल्याशिवाय हलायचं नाही. दुहेरीकरण हवंच, आजारी माणसाला भेटायला निघालेल्यानं किती वेळ सिग्नलकडे बघत बसायचं? पण त्या दिवशी कुणाचीच तक्रार नव्हती. एकीनं खोबरेल काढलं, मावशींनी तळव्यांना चोळलं, चीक न लागू देता बोटांनी फणस उलगडून गरे काढले आणि वर्तमानपत्रावर मांडले. कापा खरा की बरका, यावर मालवण आणि देवगड यांच्यात चांगलीच जुंपली. माझं मत बरक्याला. आठळ्या मात्र मावशींनी प्रत्येकाकडून मागून घेतल्या. लेकीला भाजीत घालायला त्या तरी पोचायला हव्यात ना!