साथ, मंडळे आणि कायद्याचा कागद

‘आधी माणूस जगवा, कागद नंतर बघू,’ असे २०२० च्या उन्हाळ्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी मंडळांत बोलले गेले. बोलणाऱ्यांची तळमळ खरी होती. मुंबईहून चाकरमानी गावाकडे निघाले होते, शाळांमधून विलगीकरण चालू होते, कुणाला शिधा हवा होता, कुणाला रक्तदाबाच्या गोळ्या. त्यातच ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडची घरे उघडी पाडली. अशा वेळी ठराव आणि बदल अर्जाची (चेंज रिपोर्टची) आठवण काढणारा माणूस निर्दय वाटला, यात नवल नाही. तरीही ते म्हणणे चुकीचे होते आणि पुढची साथ येण्याआधी ते खोडून काढले पाहिजे.

एखाद्या गावच्या मंडळाचा कारभार जवळून पाहा. नोंदणी दुहेरी : संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५०. अध्यक्ष लालबागला, चिटणीस विरारला, खजिनदार गावात. बँकेतले खाते दोघांच्या संयुक्त सहीचे. त्यांतला एक कोरोनात गेला की खाते अडकले. नवा पदाधिकारी निवडायला सभा हवी, पण जिल्ह्याच्या सीमा बंद. सभा कशीबशी झाली तरी १९५० च्या अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा, आणि बँक धर्मादाय कार्यालयाचा कागद मागणार. पैसे खात्यात आहेत, गरजू दारात आहेत आणि मंडळ हात बांधून उभे. घटनेत पर्यायी सहीची एक तरतूद आधीच असती तर हा प्रसंग आला नसता. ज्याला आपण ‘नंतर बघू’ म्हणालो, त्यानेच माणसाला ताटकळत ठेवले.

कंपन्यांना अशी अडचण फार दिवस भोगावी लागली नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाने ८ एप्रिल २०२० लाच परिपत्रक काढून विशेष सर्वसाधारण सभा व्हिडिओद्वारे घेण्याची वाट मोकळी केली. मंडळासारख्या न्यासाची सभा मात्र न्यासाच्या घटनेप्रमाणे चालते. घटना पन्नास वर्षांपूर्वीची असेल, तर तिच्यात व्हिडिओ सभा कुठून असणार?

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. ‘वकिलाला विचारायला जावे तर तो नुसते नाही म्हणतो,’ ही तक्रार मी खोटी ठरवणार नाही. पण नुसती मनाई सांगणे हे मार्गदर्शन नव्हेच. एप्रिल २०२० मध्ये केंद्राने भारतीय अन्न महामंडळाला स्वयंसेवी संस्थांना लिलावाशिवाय थेट धान्य द्यायला सांगितले : तांदूळ २२ रुपये किलो, गहू २१ रुपये किलो, एका वेळी १ ते १० टन. संगमेश्वर किंवा लांज्याच्या एकट्या मंडळाला एक टन जड वाटेल, पण पाच मंडळांनी मिळून तो सहज उचलला असता. ही गोष्ट वेळेवर, मराठीत, तालुक्याच्या ठिकाणी सांगणारा माणूस हवा होता. १९५० च्या अधिनियमाच्या कलम ९ मध्ये धर्मादाय हेतूंच्या यादीत दारिद्र्य किंवा संकट यांचे निवारण पहिले आहे, हेही त्यानेच सांगायचे. आणि त्याच दमात बजावायचे, की तुमच्या स्वतःच्या घटनेत तो उद्देश नसेल, फक्त वाचनप्रसार किंवा मंदिराची व्यवस्था असेल, तर शिधावाटपाचा खर्च लेखापरीक्षक अहवालात नोंदवील आणि जाब विश्वस्तांना द्यावा लागेल. उपाशी माणसाला तांदूळ दिला म्हणून पुढे चौकशीला उभे राहण्याची पाळी भल्या माणसावर का यावी?

‘सर्वोच्च न्यायालयाने मुदती वाढवल्यात, घाई कशाला?’ असेही म्हटले गेले. ती मुदतवाढ दाव्या-अर्जांपुरती, म्हणजे न्यायिक आणि अर्धन्यायिक कामकाजापुरती होती. प्राप्तिकरातील सवलतीच्या फेरनोंदणीच्या तारखा वेगळ्या जाहीर होत गेल्या.

कायदा दर वेळी शहाणा असतो, असे माझे म्हणणे नाही. परदेशी देणग्यांच्या कायद्यात सप्टेंबर २०२० मध्ये झालेली दुरुस्ती मला अन्यायाची वाटते. मोठ्या संस्थेला मिळालेला परकीय निधी पुढे लहान संस्थेकडे सोपवायला तिने बंदी घातली. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत गावापर्यंत पोचण्याची एक सरळ वाट त्यामुळे बुजली. पण अन्यायाच्या कायद्याविरुद्ध लढायचे तरी तो आधी माहीत हवा.

आता साथ नाही, म्हणून हे काम आताच करायचे. १८६० च्या अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे संस्थेचे उद्देश बदलायचे तर तीन-पंचमांश मते आणि महिन्याच्या अंतराने दुसरी सभा लागते. टाळेबंदीत ते होणे नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणावर कायदेविषयक जागृतीची जबाबदारी आहेच. रत्नागिरीतल्या वकिलांनी आणि सनदी लेखापालांनी त्याच्यासोबत तालुक्या-तालुक्यात मंडळांची शिबिरे घ्यावीत. आणि विश्वस्तहो, येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर तीन विषय घ्या : संकट निवारणाचा उद्देश, व्हिडिओ सभेची तरतूद आणि बँकेतील पर्यायी सही.