धर्माची गाय आणि दातांचा हिशेब

२९ मार्च २०२४ला गुड फ्रायडे होता. युरोप-अमेरिकेतले लोक लांब सुट्टीच्या तयारीत असताना आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने सुरक्षेच्या विषयाला वाहिलेल्या एका सार्वजनिक यादीवर एक लांबलचक टिपण टाकले. फ्रॉइंड नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये आणि काम पोस्टग्रेस या डेटाबेसचे. आपण सुरक्षातज्ज्ञ नाही, हे त्यांनी टिपणातच सांगून टाकले होते. डेबियनच्या कच्च्या आवृत्तीवर वेगाची मोजमापे घेताना त्यांना दिसले की एसएसएचने लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. एरवी कुणीही ‘यंत्र जुने झाले’ म्हणून सोडून दिले असते. हा गृहस्थ त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला आणि एक्सझेड नावाच्या एका लहानशा प्रकल्पापाशी पोहोचला.

एक्सझेडचे काम फायली आवळून लहान करण्याचे. लिनक्सच्या जवळपास प्रत्येक वितरणात ते असते आणि क्वचितच कुणाला त्याची आठवण होते. एसएसएचला त्याची मुळात गरजच नाही. पण डेबियन, फेडोरा यांसारख्या वितरणांनी एसएसएचला सिस्टिमडीशी बोलता यावे म्हणून एक ठिगळ लावले होते. त्या ठिगळातून सिस्टिमडीची लायब्ररी आत येत होती आणि तिच्या पदराला धरून एक्सझेडची. कुणीतरी नेमकी हीच आडवाट हेरली होती. २४ फेब्रुवारीला आलेल्या ५.६.० आणि ९ मार्चच्या ५.६.१ या आवृत्त्यांत एक चोरदरवाजा होता. विशिष्ट गुप्त किल्ली ज्याच्याकडे असेल त्याला पासवर्डशिवाय सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता आली असती. या दोषाला धोक्याच्या मापावर दहापैकी दहा गुण मिळाले.

डेबियनच्या चाचणीतल्या आवृत्त्या, फेडोराचे रॉहाइड, ओपनसुसेचे टंबलवीड, काली इथवर हा चोरदरवाजा पोहोचला होता. ज्या स्थिर आवृत्त्यांवर जगातले बहुतेक सर्व्हर चालतात तिथे अजून गेला नव्हता, पण फार वेळही उरला नव्हता. एप्रिलमध्ये उबुंटू २४.०४ येऊ घातले होते. सगळी पॅकेजेस नव्याने बांधून घेण्यासाठी त्याची बीटा आठवडाभर पुढे ढकलावी लागली.

कारागिरी पाहण्यासारखी होती. घातक भाग चाचणीसाठी ठेवलेल्या ‘बिघडलेल्या’ फायलींच्या पोटात दडवला होता. त्याला जागे करणारा तुकडा फक्त प्रकाशित केलेल्या गठ्ठ्यात होता, सर्वांसमोर उघड्या असलेल्या कोडच्या भांडारात नव्हता. भरपूर डोळे असले की कुठलीही चूक लपत नाही, असे एरिक रेमंड यांनी १९९७मध्ये मांडले आणि त्या नियमाला लिनसचे नाव दिले. आपण मंडळी तो नियम गेली पंचवीस वर्षे सुभाषितासारखा म्हणत आलो. इथे डोळे होते, पण जिथे बघायचे तिथे कुणीच बघत नव्हते.

माझ्या मते या प्रकरणात सर्वांत काळजी करण्यासारखा भाग कोडचा नाही, त्याआधीच्या दोन वर्षांच्या पत्रव्यवहाराचा आहे. एक्सझेड हा लासे कॉलिन या फिनलंडच्या प्रोग्रामरचा प्रकल्प. दीड दशक ते तो जवळजवळ एकटेच, बिनपगारी सांभाळत होते. २०२१मध्ये ‘जिया टॅन’ नावाचे एक खाते अवतरले आणि लहानसहान, उपयोगाच्या दुरुस्त्या पाठवू लागले. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात ‘जिगर कुमार’ आणि ‘डेनिस एन्स’ ही दोन नावे पत्रव्यवहारात उगवली. दुरुस्त्या महिनोन्‌महिने पडून का आहेत, नवा सांभाळणारा आल्याशिवाय काही हलणार नाही, तुम्हाला रस उरला नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या, असा त्यांचा धोशा होता. जून २०२२मध्ये कॉलिन यांनी उत्तर दिले. रस संपलेला नाही, पण बराच काळ चाललेल्या मानसिक त्रासामुळे हातून फार काम होत नाही, आणि हा हौसेचा, बिनमोबदल्याचा प्रकल्प आहे हे लक्षात घ्यावे, असे त्यांनी लिहिले. जिया टॅनला पुढे मोठी जबाबदारी देता येईल, असेही सुचवले. २०२३मध्ये नव्या आवृत्त्या जिया टॅनच्याच हातून निघू लागल्या.

(जिगर कुमार हे नाव आपल्याकडचे वाटते, पण त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. ही तिन्ही नावे ज्या कुणाची होती, त्यांतला एकही माणूस आजवर समोर आलेला नाही.)

कुमार आणि एन्स यांची ती ईमेल मी पुनःपुन्हा वाचली. त्यांत शिवीगाळ नाही, धमकी नाही. रोज शेकडो प्रकल्पांच्या दारात जी भाषा ऐकू येते तीच आहे, म्हणूनच तेव्हा कुणालाही संशय आला नाही. लिनक्सवापरकर्त्यांच्या गटांत जो काही काळ वावरला आहे त्याला हा सूर पाठ असतो. नवी आवृत्ती अजून का नाही, माझा बग कधी बघणार, प्रकल्प मेला की काय. मीही अशा स्वरात लिहिले आहे. ‘धर्माची गाय अन्‌ दात का गं नाय’ ही म्हण आपल्या भाषेने फार पूर्वीच करून ठेवली, आणि फुकटच्या सॉफ्टवेअरचे दात आपण रोज मोजतो. हल्लेखोरांना वेगळे हत्यार घडवावे लागले नाही. थकलेल्या माणसावर ओरडण्याची आपली सवय त्यांनी उसनी घेतली.

सगळे ज्यावर विसंबतात तो प्रकल्प एकट्यादुकट्यावर सोडून देणे पहिल्यांदा घडले असेही नाही. एप्रिल २०१४मध्ये हार्टब्लीड हा सुरक्षादोष उघडकीला आला तेव्हा जगभरातल्या बँका आणि दुकाने ज्या ओपनएसएसएलवर विसंबून होती, त्या प्रकल्पाला वर्षाला सुमारे २००० डॉलर देणग्या मिळत होत्या आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एक होता. तेव्हा मोठ्या कंपन्यांनी घाईघाईने निधी उभारला. पण निधी गेला तो ज्यांची नावे ठाऊक होती त्यांच्याकडे. एक्सझेडचे नाव कुणाला ठाऊक होते?

ओपन सोर्सच्या बातम्या वाचणाऱ्यांनी एक्सझेड उघडे पडण्याआधीच्या आठवड्यातल्या घडामोडी आठवाव्यात. २० मार्च २०२४ला रेडिस या डेटाबेसने आपला परवाना बदलला. २८ मार्चला लिनक्स फाउंडेशनने रेडिसची वेगळी शाखा, व्हॅल्की, जाहीर केली. त्या आठवडाभर आम्ही सगळे परवान्यांवर हिरिरीने भांडत होतो. कुठल्या कंपनीने विश्वासघात केला, कोण क्लाउडवाल्यांचा हस्तक, आयबीएमने ३४ अब्ज डॉलरना रेड हॅट घेतल्यापासून काय काय बिघडले. हे प्रश्न फालतू नाहीत. पण कंपन्यांच्या भांडणात बातमी असते, कारण दोन्ही बाजूंना प्रवक्ते असतात. फिनलंडमधल्या एका घरात दमून गेलेल्या माणसाला प्रवक्ता नसतो. व्हॅल्की जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी फ्रॉइंड यांचे टिपण आले. मग आठ-दहा दिवस त्यांचे कौतुक झाले, जे रास्तच होते, आणि विषय मागे पडला. नशीब बलवत्तर ठरले, याला आपण व्यवस्थेचा विजय म्हणून मोकळे झालो.

व्यवस्थांचे उत्तर बहुतेक कागदी आहे. सेबीने ऑगस्ट २०२४मध्ये सायबर सुरक्षेची जी चौकट आणली तिच्यात सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी, म्हणजे एसबॉम, ठेवण्याची अट आहे. यादी हवीच, आपल्या पोटात काय आहे हे ठाऊक नसलेल्या संस्थेला दोष निघाल्यावर शोधाशोध करावी लागते. मात्र ५.६.१चा एसबॉम मार्च २०२४मध्ये अगदी निर्दोष दिसला असता. घटकाचे नाव, आवृत्ती, परवाना सगळे बरोबर. तो घटक सांभाळणारा माणूस एकटा आहे का, त्याच्यावर कोण दबाव आणते आहे, यासाठी त्या यादीत रकाना नाही.

आणि दबाव एक्सझेडपाशीच थांबला नाही. एप्रिल २०२४च्या मध्यास ओपनएसएसएफ आणि ओपनजेएस या दोन संस्थांनी मिळून सावधगिरीची सूचना काढली. ओपनजेएसकडेही तशीच ईमेल आली होती: गंभीर त्रुटी आहेत, तपशील विचारू नका, आम्हाला सांभाळणाऱ्यांत घ्या. तिथे कुणी बळी पडले नाही, कारण पलीकडे एक माणूस नव्हता, संस्था होती.

आपल्याकडे वापर अफाट आणि परतफेड तुटपुंजी आहे. केंद्र सरकारने २०१५मध्ये ओपन सोर्स स्वीकारण्याचे धोरण आणले. स्वीकारलेल्याची देखभाल कोण करणार, ही पुढची पायरी अजून चर्चेतही नीट आलेली नाही. अपवाद आहेत. झिरोधाने ऑक्टोबर २०२४मध्ये जगभरच्या प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. पुण्यातल्या रेड हॅटच्या अभियंत्यांनी लोहित देवनागरी हा मुक्त फॉन्ट वर्षानुवर्षे सांभाळला, म्हणून लिनक्सच्या पडद्यावर आपली जोडाक्षरे नीट दिसू लागली. ती दिसतात तेव्हा त्यामागे कुणी आहे हे आपल्या मनातही येत नाही. बिघडली की मात्र तक्रार तासाभरात जाते.

तेव्हा वापरकर्त्यांचे गट चालवणाऱ्यांना एवढीच विनंती. ‘अजून का नाही’ असा पुढचा प्रश्न आला की त्या प्रकल्पामागे किती हात आहेत हे आधी पाहून सदस्यांना सांगा. घाई करणारा अनोळखी माणूस कितीही आपलेपणाने बोलत असला तरी त्याच्या सुरात सूर मिसळू नका. ज्यांना जमेल त्यांनी नवी मागणी करण्याऐवजी एखादी जुनी तक्रार तपासून निकाली काढून द्यावी.

चोरदरवाजा काढून टाकलेली एक्सझेडची ५.६.२ ही आवृत्ती २९ मे २०२४ रोजी आली. ती लासे कॉलिन यांनीच काढली.