समाजशास्त्र कोणाला विचारते?

समाजशास्त्राचे पाठ्यपुस्तक उघडावे तो पहिल्याच पानावर ऑग्यूस्त काँत भेटतो. १८३९ साली छापलेल्या ग्रंथखंडात त्याने या शास्त्राला नाव दिले. मागून स्पेन्सर, दुर्खीम, वेबर येतात. नाव पॅरिसचे, हे मान्य. परंतु माणसे कोणत्या नियमांनी एकत्र नांदतात, हा प्रश्न गोव्यात त्याच्याही तीनशे वर्षे आधी लेखी विचारला गेला होता. १५२६ साली पोर्तुगीज महसुली अधिकारी अफोंसो मेशिया याने तिसवाडीच्या गावकऱ्यांचे रिवाज सनदेत नोंदवले. जिज्ञासा अर्थात साऱ्याची होती!

पेडणे आणि डिचोली तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरीस सावंतवाडीकर भोसल्यांकडून ती गेली, नव्या काबिजादीत मोडू लागली, आणि १८५३ साली तेथील रहिवाशांच्या चालीरीतींचीही संहिता निघाली. अशा संहितांत बोलतो तो गावकर, वतनदार, घरचा कर्ता. मोकाशाची जमीन कसणारे कूळ, भाटकाराच्या आवारात झोपडे बांधून राहणारा मुंडकार, गावकुसाबाहेरचा महार आणि कोणत्याही घरची बाई, यांना लागू होणारे नियम असतात; त्यांचे म्हणणे तेथे शोधणे व्यर्थ. आणखीही पुष्कळ निसटते. शिरगावची लईराई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई आणि म्हापशाची मिलाग्रिस सायबीण या सख्ख्या बहिणी, असे लोक मानतात. तीन तालुके, देऊळ आणि इगर्ज यांना जोडणारे हे नाते कोणत्या कलमात बसवणार?

समाजशास्त्र खरे सुरू होते ते न विचारलेल्यांकडे वळल्यावर, असे आमचे मत आहे. या दृष्टीने काँतपेक्षा आम्हांला पंचविशीतले आंबेडकर अधिक मोलाचे वाटतात. १९१६ साली न्यूयॉर्कमध्ये वाचलेल्या निबंधात त्यांनी दाखवले की जात टिकते ती जातीतच लग्न करण्याच्या बंधनावर, आणि त्या बंधनाची किंमत सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या रूपाने स्त्री मोजते. केतकरांनी जातीवर इंग्रजी ग्रंथ १९०९ मध्येच लिहिला होता. तेरेखोलपलीकडच्या मालवणात जन्मलेल्या घुर्यांनी १९२४ पासून मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्र विभाग सांभाळला. पण त्यांचा भर जुन्या ग्रंथांवर फार. गोव्याचेच दामोदर कोसंबी यांनी १९४७ साली जुन्या काबिजादीतील ग्रामसंस्थेवर निबंध लिहिला, तो मात्र जमीन कोणाची आणि राबतो कोण, हे विचारणारा.

पेडण्याच्या विद्यार्थ्याने काँतच्या तीन अवस्था पाठ कराव्यात, जरूर कराव्यात. पण आधी घरातल्या किंवा शेजारच्या आजीला विचारावे की, १९६४ चा कूळ कायदा येण्यापूर्वी खंडाचे भात मोजायला कोण येई, माप कोणाचे असे, आणि मोजून झाल्यावर घरात काय उरे. अशा आज्या आता थोड्याच राहिल्या आहेत.