संगणकातला कापूस

दिवाळी जवळ आली की आमच्या परभणीत घरोघर माळे उपसले जातात, डबे उन्हात पडतात, छताच्या पंख्याची पातीसुद्धा पुसली जातात. संगणकाच्या वाट्याला मात्र फार तर वरून एक फडके येते. त्याच्या पोटातही पंखे आहेत आणि तेही मळतात, याची बऱ्याच सुशिक्षित घरांतून वार्ताही नसते.

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या वहिनींनी हाक मारली. "भाऊजी, जरा बघता का? मुलीचा प्रवेशाचा अर्ज भरता भरता तीनदा बंद पडला. दुकानदार म्हणतो, आता नवाच घ्या." नवा घ्यायचा म्हणजे मुलीच्या फीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांत हात घालायचा! मी डब्याची बाजूची पत्री उघडली. आत ॲल्युमिनियमच्या पात्यांवर करडा थर बसला होता. चिमटीत धरून उचलला तर घोंगडीच्या तुकड्यासारखा अखंड निघाला.

आमच्याकडची धूळ नुसती धूळ नसते. काळ्या मातीची भुकटी असते आणि तिच्यात कापसाचे तंतू मिसळलेले असतात. दसऱ्यानंतर वेचणी सुरू झाली, सेलू-मानवतकडे जिनिंगची घरघर लागली, कापसाने भरलेल्या गाड्या रस्त्याने धावू लागल्या, की ते हवेत उडतात. सुटी माती फुंकरीने जाते. तंतूंचा आधार मिळाला की ती ठाण मांडते.

आता हे एवढे महत्त्वाचे का? प्रोसेसर नावाची नखाएवढी चकती काम करताना ६५ वॅटच्या जुन्या दिव्याइतकी उष्णता सहज टाकते. ती पात्यांत उतरते आणि पंखा ती हवेच्या स्वाधीन करतो. पंखा स्वतः थंडी उत्पन्न करीत नाही; खोलीतल्या हवेपेक्षा गार असे काही तो करूच शकत नाही. २८ अंशांच्या खोलीत थोडी धूळ खपून जाते. मे महिन्यात बाहेर पारा ४३च्या आसपास आणि खोलीत ३८-४०, म्हणजे दहा अंशांची सवलत आधीच संपलेली! चकती शंभर अंशांच्या जवळ गेली की आधी आपला वेग कमी करते आणि तेवढ्याने भागले नाही तर यंत्र बंद होते. दुकानदार ज्याला म्हातारपण म्हणत होता, ते यंत्राचे स्वसंरक्षण होते.

सफाई अवघड नाही. वायर भिंतीतून काढावी, डबा ओसरीत न्यावा, रंगाऱ्याचा मऊ कोरडा ब्रश आणि लहान ब्लोअर घ्यावा. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाही तर तो भलत्याच वेगाने फिरून त्याचे बेअरिंग जाते. पंक्चरच्या दुकानातला हवेचा पाइप नको. त्यातून पाण्याचे आणि तेलाचे तुषार येतात. वीज पुरवणारी चौकोनी पेटी कधीही उघडू नये, वायर काढल्यावरही तिच्यात वीज साठून असते. प्रोसेसरवरची पाती उगाच उचलू नयेत. उचललीच, तर खालचा वाळलेला लेप पुसून मटाराच्या दाण्याएवढा नवा लावावा लागतो. वहिनींच्या यंत्राला याची गरज पडली नाही. अर्ज त्याच संध्याकाळी गेला.

"मग समोर कूलर लावून ठेवू का?" वहिनींनी विचारले. खोलीत खुशाल असू द्या, म्हटले, पण झोत थेट डब्यावर नको. दमट हवेत धुळीचा चिखल होतो. लॅपटॉपवाल्यांनी तो गादीवर किंवा गोधडीवर ठेवू नये, खालची भोके बुजतात.

आणि एक अडचण. दिवाळीला साफ केलेल्या डब्यात पुढचे चार महिने कापूस येतच राहतो. तेव्हा आत्ता ब्रश फिरवा, हरकत नाही. पण कापसाचा हंगाम सरला, ऊन अजून तापायचे आहे, अशा होळीच्या आठवड्यात डबा पुन्हा उघडा. वहिनींनी कॅलेंडरवर खूण करून ठेवली आहे.