सहीपुरती पालकसभा नको!

ठाणे-बेलापूर रस्त्यावर पावणे गावाजवळ सकाळी थोडा वेळ उभं राहिलं, की बायांची लगबग दिसते. हातात डब्याची पिशवी, नजर घड्याळावर. कुणी एमआयडीसीतल्या कंपनीत पॅकिंगला, कुणी कॅन्टीनमध्ये, कुणी घरकामाला. एका हाताला शाळेचं पोर. त्याला फाटकाशी सोडायचं आणि तशीच पुढची धाव घ्यायची.

अशीच एकजण परवा बोलताना म्हणाली, "ताई, पोराच्या वहीत चिठ्ठी आलीय. शनिवारी अकरा वाजता पालकसभा. आता अकराला जायचं म्हणजे माझा अख्खा दिवस बुडाला. आणि जाऊन तरी काय? मागल्या बाकावर बसायचं, 'लक्ष देत नाही' एवढं ऐकायचं, सही करायची आणि यायचं. त्यापेक्षा खाडा नको."

तिचं काय चुकलं, सांगा बरं? रोजावर काम करणाऱ्या बाईचा एक दिवस म्हणजे घरातला एका दिवसाचा किराणा असतो. तो सोडून ती जाईल, पण तिथे काही हाती लागलं तर!

आता दुसरी बाजूही ऐकू. शिक्षिका म्हणतात, "आम्ही बोलवतो, पालक येतच नाहीत. ज्यांच्या मुलांबद्दल बोलायचं असतं, नेमके तेच येत नाहीत." हेही खोटं नाही. वर्गात चाळीस मुलं, वर सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं, माहिती भरणं. त्यातून वेळ काढून बाई सभा लावतात आणि समोर निम्मे बाक रिकामे. म्हणजे शाळेला वाटतं घराला काळजी नाही आणि घराला वाटतं शाळेला आपली पर्वा नाही. मधल्या मध्ये पोर मात्र मागे पडतं.

मैत्रिणींनो, या गाठीची सोडवणूक आपल्याच भागात फार पूर्वी कुणीतरी करून दाखवलेली आहे. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं, २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात. 'आई-बापांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही' असं म्हणून या दोघी गप्प बसू शकल्या असत्या. त्यांनी उलटा विचार केला. मुलं येत नाहीत ना? मग आपण त्यांच्या अंगणात जाऊ. त्यातूनच अंगणवाडी हा शब्द रुजला. पुढे कोसबादला गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरवली, कुरणशाळा! लोक का येत नाहीत, याचा राग न धरता लोक कुठे आहेत, हे त्यांनी आधी पाहिलं.

मग आज कंपनीत जाणाऱ्या आईसाठी सभा संध्याकाळी सातला का लागू नये? कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी का नको? वस्तीतल्या देवळाच्या ओट्यावर, समाजमंदिरात का नको? यात पैसा लागत नाही, फक्त वेळ आपसात ठरवावी लागते. शिक्षिकांनाही घर आहे, हे खरं. म्हणून दर महिन्याला नको, पण सत्रातून दोनदा तरी हे जमण्यासारखं आहे.

आणि हे मागताना कानकोंडं व्हायचं कारण नाही. हा आपला हक्क आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय, की पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे. महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असायला हवी. तिच्यात ७५ टक्के सदस्य पालक आणि एकूण निम्म्या सदस्य महिला, असं कायदा सांगतो. आपल्या राज्यात अध्यक्षसुद्धा पालकांमधूनच निवडतात. शाळेचा विकास आराखडा, आलेल्या निधीचा वापर यावर लक्ष ठेवायचं काम या समितीचं. पण समितीत नाव आहे आणि सही घरपोच होते, असं किती ठिकाणी चालतं! नाव बाईचं आणि मिटिंगला नवरा. असं नको गं बायांनो. नाव तुमचं आहे, तर खुर्चीतही तुम्हीच बसा.

"पण मी तर चौथी पास, मी काय विचारणार?" हा प्रश्न हमखास येतो. तीनच प्रश्न विचारा. माझं मूल आपलं आपण वाचतं का? वाचलेलं त्याला कळतं का? बेरीज-वजाबाकी त्याला जमते का? २०२१ साली सुरू झालेल्या 'निपुण भारत' या सरकारी कार्यक्रमाचं उद्दिष्टही हेच आहे, की तिसरी संपेपर्यंत मुलाला समजून वाचता यावं आणि साधा हिशेब यावा. तिसरीत वाचायला आलं नाही, तर पाचवीत इतिहास-विज्ञानाचं पुस्तक त्याला भिंतीसारखं वाटतं. मग पोर गप्प होतं, पोट दुखतंय म्हणू लागतं आणि हळूहळू शाळाच सुटते. 'लक्ष देत नाही' या तीन शब्दांमागे पुष्कळदा 'वाचता येत नाही' हे दडलेलं असतं. म्हणून विचारायचं, "बाई, नेमकं कुठे अडतंय? घरी मी काय करू?"

घरी करायचं ते अवघड नाही. तुम्ही भाकऱ्या थापता थापता त्याला धडा मोठ्याने वाचू द्या. तुम्हाला वाचता येत नसलं तरी कान आहेत ना! 'गोष्ट काय झाली, सांग' म्हणा. बाजारात 'पन्नासची नोट दिली, किती परत येणार?' विचारा. घरात आगरी बोलत असाल, कन्नड बोलत असाल, भोजपुरी बोलत असाल, तर त्याच भाषेत भरपूर बोला. घरच्या भाषेने पोर मागे पडत नाही, उलट शब्दसाठा वाढतो. आणि हे काम एकट्या आईचं नाही. बापानेही संध्याकाळी दहा मिनिटं मोबाइल बाजूला ठेवावा.

शाळेनेही घराकडून काही घ्यावं. या पट्ट्यातल्या आगरी-कोळी घरांत लग्नाचे धवले म्हणणारी धवलारीण आजी असते. तिला एक दिवस वर्गात बोलवा. तिच्या नातवाची मान किती ताठ होईल! २०२२ साली राज्यात 'पहिले पाऊल' अभियानात पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठी मेळावे झाले आणि आयांचे गट केले गेले. आया एकत्र येऊन मुलांकडून घरच्या घरी कृती करून घेऊ लागल्या. एका चाळीतल्या चार आया जमल्या तरी असा गट होतो. एकीला सभेला जाता आलं नाही, तर दुसरीने जाऊन तिघींच्या मुलांची चौकशी करून यावं.

आणि शिक्षिकाताईंना एक विनंती. आई समोर आली की पहिलं वाक्य मुलाच्या गुणाचं असू द्या. तक्रार नंतर, तीही एकटीला बाजूला घेऊन. मग पुढच्या वेळी ती खाडा करूनही येईल.

येत्या सभेला जाल ना? सही जरूर करा. पण त्याआधी एक प्रश्न विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नका.