खापरपणजी कुठे हरवली?

‘नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये’ असं आपल्याकडे म्हणतात. ऋषींचं ठाऊक नाही, पण इंजिनिअरिंगला अ‍ॅडमिशन घ्यायची तर आपल्यातल्या बऱ्याच जणांना कूळ शोधावंच लागतं! जात पडताळणीसाठी वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करावं लागतं आणि सोबत जुना पुरावा जोडावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. मग आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा, गाव नमुना १४ मधली जन्म-मृत्यूची नोंद, जुने फेरफार असं सगळं उकरून काढायचं. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. ५० लाखांहून जास्त नोंदी सापडल्या. त्या दिवसांत मोडी वाचणाऱ्याला गेट टॉपरपेक्षा जास्त भाव होता!

मित्रांनो, हा शोध मला मनापासून आवडतो. पण माझं एक म्हणणं आहे. ज्या कागदावर आपण कूळ शोधतो, त्यावर कूळ किती असतं आणि गाळलेलं किती असतं, हेही एकदा बघायला हवं.

चाकणला इंडस्ट्रियल व्हिजिटला गेल्यावर ‘ट्रेसेबिलिटी’ हा शब्द हमखास ऐकू येतो. पार्टवर कोरलेल्या नंबरवरून तो कोणत्या बॅचमध्ये तयार झाला, हे मागे जाऊन काढता येतं. माणसांवर मात्र असा नंबर सरसकट कोणी कोरला नाही. ज्याच्याकडून सारा यायचा किंवा ज्याला इनाम द्यायचं, त्याचंच नाव दप्तरात नीट लिहिलं गेलं. आपल्या चिंचवडचंच उदाहरण घ्या. मोरया गोसावींच्या देव घराण्याला इनाम गावं होती, त्यांच्या सनदा आणि हिशेब राहिले. त्या कागदांच्या आधारे लॉरेन्स प्रेस्टन या अभ्यासकाने या घराण्यावर अख्खं पुस्तक लिहिलं, ते १९८९ मध्ये केंब्रिजने छापलं. पण त्याच गावांत दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या, स्वतःचं वावर नसलेल्या माणसाची वंशावळ कोण लिहिणार?

भटक्यांचं तर विचारूच नका. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, त्यांची नावं पोलिसांच्या रजिस्टरात चढवली, हजेरी लावली. तो शिक्का १९५२ मध्ये पुसला गेला. म्हणजे कोणाच्या पणजोबाचं नाव सनदेत सापडतं, तर कोणाच्या पणजोबाचं पोलिसांच्या हजेरीत. आणि पुरावा मात्र दोघांकडेही सारखाच मागायचा! ज्याच्या आजोबांना ना जमीन ना शाळा, तो मुलगा कॉलेज बुडवून कार्यालयांच्या खेपा घालतो, तेव्हा ‘कागद का नाही आणला?’ या प्रश्नाचं उत्तर त्याने कुठून द्यायचं?

आता बायकांकडे वळू. जरा गणित करा. आई-वडील २, आजी-आजोबा ४, पणजोबांच्या पिढीत ८, खापरपणजोबांच्या पिढीत १६. या १६ जणांपैकी वंशावळीत नाव किती जणांचं? एकाचं! उरलेल्या १५ जणांत आठ बायका, आठही गायब. एमआयडीसीची स्थापना १९६२ ची. त्यानंतर या पट्ट्यातली वावरं कारखान्यांखाली गेली. जुना फेरफार वाचा : खातेदार मयत, वारस म्हणून मुलगे लागले. लेकीबाळींची नावं लागली तर बहुधा ‘इतर हक्कात’, नाहीतर थेट हक्कसोडपत्रावर.

डीएनएचं वैशिष्ट्य इथेच आहे. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, ते साधारण वंशावळीच्याच वाटेने. पण मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडून सगळ्या मुलांना मिळतो. कोणत्याही तलाठ्याने न लिहिलेली खापरपणजी आपल्या पेशीपेशीत बसलेली असते!

आपल्या कोकणातले बेने इस्रायली घ्या. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली, ही त्यांची परंपरागत कथा. गावावरून पेणकर, रोहेकर अशी आडनावं पडली, घरात मराठी रुळली. २०१६ मध्ये त्यांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वंश दिसले, आणि ज्यू वारसा प्रामुख्याने पुरुषांकडून, तर स्थानिक वारसा प्रामुख्याने स्त्रियांकडून आल्याचं आढळलं. कथा समुद्रावरून आलेल्यांची राहिली. इथल्या आज्या-पणज्यांची आठवण डीएनएने ठेवली.

म्हणून उद्या कोणी ‘थुंकी द्या, जात सांगतो’ म्हणाला, तर त्याला होस्टेलच्या गेटवरूनच परत पाठवा. जात ही समाजाने केलेली नोंद आहे, ती गुणसूत्रावर छापलेली नसते. हैदराबादच्या सीसीएमबीच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या २०१३ च्या अभ्यासात दिसलं, की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी भारतातले बहुतेक सगळे समूह एकमेकांत मिसळले होते. बंदिस्त लग्नं त्यानंतरची. शिवाय मागे जावं तसा एकेका पूर्वजाचा वाटा निम्मा-निम्मा होत जातो. दहा पिढ्यांमागच्या १०२४ पूर्वजांपैकी बऱ्याच जणांचा एकही तुकडा आपल्यात उरलेला नसतो. तेव्हा शुद्ध रक्ताच्या गप्पा मेसमधल्या पातळ वरणाइतक्याच घट्ट!

मग करायचं काय? एक, मोडी शिका. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग होत आले आहेत, आपल्या कॉलेजनेही शनिवारी असा वर्ग भरवायला हरकत नाही. दोन, कागद नसलेल्या मित्राची थट्टा करू नका. त्याच्यासोबत एक खेप घाला. तीन, दिवाळीच्या सुट्टीत घरी गेल्यावर आजीजवळ बसा आणि विचारा : तुझ्या आईचं नाव काय? तिच्या आईचं? माहेर कुठलं? वहीत लिहून घ्या, तारीख टाका.

हे नाव कोणत्याही कचेरीत मिळणार नाही. ते आजीलाच ठाऊक आहे, आणि आजी काही डिजिटाईज होणार नाही.