चिनी-जपानी शिकून काय मिळणार?

यंदाच्या चवथीला आमच्या घरात एक छोटासा खटला चालला. आरोपी होती माझ्या मावसबहिणीची मुलगी. गुन्हा असा की, बी.ए. करता करता पुण्यात राहून तिने जपानीच्या परीक्षा दिल्या, मग लंडनच्या एका विद्यापीठात जपानी साहित्याच्या एम.ए.ला अर्ज केला, आणि त्या लोकांनी तिला चक्क प्रवेश दिला.

न्यायाधीश तिघे होते. पहिले बँकेतून निवृत्त झालेले आप्पा. त्यांचा सवाल सरळ : "हे शिकून मिळणार काय?" दुसरे मुलीचे सख्खे काका. ते म्हणाले, "जपानी शिकायचे तर जपानला जावे. हुमण खायला कोणी दिल्लीला जातो का?" तिसरे कॉलेजात शिकवणारे आमचे एक स्नेही. त्यांनी चष्मा पुसत सांगितले की, पाश्चात्त्यांचा पौर्वात्य अभ्यास हा साम्राज्याचा हातखंडा आहे, एडवर्ड सैदने त्याचे पितळ कधीच उघडे पाडले आहे, आणि आपल्या मुलीने त्या सापळ्यात कशाला पाय घालावा?

माझ्या हातात नेवरी होती आणि समोर माटोळी. देवासमोर आवाज चढवणे बरे नव्हे म्हणून मी गप्प बसलो. पोरगी माझ्याकडे बघत होती, "मामा, तुम्ही तरी काही बोला" अशा नजरेने. मी बोललो नाही, याची टोचणी लागून राहिली. म्हणून आज हे लिहितो आहे.

आधी तिसऱ्या न्यायाधीशांकडे वळतो, कारण त्यांचा मुद्दा सर्वांत विद्वान आणि म्हणून सर्वांत फसवा. या अभ्यासाचा उगम निर्मळ नाही, हे मला मान्य आहे. गोमंतकीय माणसाला तर ते सांगायलाच नको. जुन्या गोव्यात सेंट पॉल कॉलेजची एकटी कमान उभी आहे. बसमधून जाताना आपण ती पाहतो आणि विसरतो. १५४८ साली त्या कॉलेजात आंजिरो नावाचा एक जपानी शिकत होता. कागोशिमाचा हा माणूस, हातून खून झाल्यामुळे देश सोडून पळालेला. मलाक्कात त्याची फ्रान्सिस झेवियरशी गाठ पडली. गोव्यात त्याला बाप्तिस्मा मिळाला आणि पुढच्याच वर्षी, १५४९ साली, तो झेवियरला घेऊन जपानला गेला. पुढे १५७८ साली मातेओ रिची गोव्यात उतरला, इथे शिकला, आणि मग चीनला जाऊन चिनी पंडितांच्या पंगतीला बसण्याइतका चिनी झाला. १६०३ साली याच जेझुइटांनी नागासाकीत जपानी-पोर्तुगीज कोश छापला. त्यात सुमारे ३२,००० शब्द आहेत, आणि त्या काळची बोलती जपानी कशी होती हे पाहायला जपानी संशोधकही आज तो कोश उघडतात.

हेतू काय होता? धर्मांतर. पण हेतू वाईट होता म्हणून कोश खोटा ठरत नाही. आपल्याकडचेच उदाहरण घ्या. फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला तोही धर्मप्रसारालाच. त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. मराठी वाङ्मयाच्या इतिहासातून आपण ते बाहेर काढले काय? नाही. उलट अभिमानाने सांगतो.

लुटीचेही तसेच. १९०७ साली ऑरेल स्टाईनने चीनच्या वायव्येकडील दुनहुआंगच्या गुहेतून हस्तलिखितांच्या पेट्या भरून नेल्या. दुसऱ्या वर्षी फ्रान्सचा पॉल पेलियो तिथे पोहोचला. पहारेकऱ्याच्या हातावर थोडे पैसे टेकवून हा सौदा झाला. चिनी लोकांचा त्यावरचा राग अजून गेलेला नाही आणि तो रास्त आहे. त्या पेट्यांतल्या एका छापील ग्रंथावर इसवी सन ८६८ ची तारीख आहे. तारीख असलेला इतका जुना पूर्ण छापील ग्रंथ जगात दुसरा सापडलेला नाही. आणि ग्रंथ कोणता? संस्कृत 'वज्रच्छेदिके'चा कुमारजीवाने केलेला चिनी अनुवाद. म्हणजे शब्द मूळचे आपल्या भूमीतले, अक्षरे चिनी, आणि मुक्काम लंडनला. यात आपल्याला राग येण्याजोगे बरेच आहे. पण नुसत्या रागाने त्यातली एक ओळ तरी वाचता येणार आहे का?

सैदचे पुस्तक १९७८ चे. त्याचा रोख मुख्यतः अरब आणि इस्लामी जगाच्या अभ्यासावर होता. तो चीन-जपानला लावायचा तर लावा, पण "त्यांनी चुकीचे वाचले" असे म्हणणाऱ्याने स्वतः मूळ वाचलेले असावे लागते. आमचे स्नेही सैद इंग्रजीत वाचतात, चीनबद्दल इंग्रजीत वाचतात, जपानी कादंबऱ्या इंग्रजीत वाचतात आणि मग पाश्चात्त्यांच्या मक्तेदारीबद्दल तक्रार करतात. माफ करा, पण याला मी आळस म्हणतो. सैदचे नाव पुढे केल्याने तो आळस पुरोगामी होत नाही.

आणि हा प्रश्न काही फक्त चीन-जपानचा नाही. सातव्या शतकात ह्युएन त्संग भारतात आला. तो महाराष्ट्रात फिरला, दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात राहिला आणि इथल्या लोकांचा स्वभाव लिहून गेला. मानी लोक आहेत, उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत, असे त्याने लिहिले. शाळेच्या पुस्तकात आपण हे वाचले. पण आपल्यापर्यंत ते कसे आले? १८५७-५८ साली ज्युलियाँने ते फ्रेंचमध्ये आणले, १८८४ साली बीलने इंग्रजीत, आणि तिथून मराठीत. आपल्याच पूर्वजांबद्दलची साक्ष दोन परक्या भाषांच्या गाळणीतून! त्याच प्रवासवर्णनात 'कोंकणपुर' असे वाचले गेलेले एक नाव आहे. ते नेमके कुठे, यावर विद्वानांनी वेगवेगळी गावे सुचवली. कोंकण हे नाव दिसताच आपले कान टवकारतात. पण त्या वादात आपल्याला बोलता येत नाही, कारण त्या काळी ती चिनी अक्षरे कशी उच्चारली जात, मूळ वाक्यात दिशा आणि अंतर काय दिले आहे, हे पाहणारे डोळे आपल्याजवळ नाहीत.

डोळे कधीच नव्हते असे मात्र नाही. सांखवाळला १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी बुद्धाच्या शोधात घर सोडून नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश फिरले आणि १९१० साली हार्वर्डला पोहोचले. तिथे त्यांनी 'विसुद्धिमग्गा'च्या संपादनाचे काम केले. परत येऊन फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. त्यांचे विद्यार्थी पु. वि. बापट त्यांच्याही पुढे गेले, चिनी शिकले. 'विमुत्तिमग्ग' हा मूळ ग्रंथ हरवला होता, त्याचा सहाव्या शतकातला चिनी अनुवाद तेवढा उरला होता. बापटांनी तो चिनी अनुवाद पाली 'विसुद्धिमग्गा'शी ताडून पाहिला आणि १९३७ साली पुण्यातून त्यावर पुस्तक काढले. त्याच साली शांतिनिकेतनात तान युन-शान यांच्या खटपटीने आणि रवींद्रनाथांच्या आशीर्वादाने चीन भवन उघडले. हे वडीलधारे परदेशात गेले म्हणून कोणाचे गुलाम झाले नाहीत. सांखवाळचा माणूस हार्वर्डला गेला तो बरोबरीच्या नात्याने.

आता काकांचा सवाल. जपानी शिकायला लंडनला कशाला? सवाल वाजवी आहे. उत्तर असे की, बोलायला शिकणे वेगळे आणि ग्रंथ वाचायला शिकणे वेगळे. पुण्यात हजारो मुले जपानी शिकतात, कंपन्यांत दुभाषी होतात, चांगला पगार घेतात. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण या मुलीला जे वाचायचे आहे ते आजच्या जपानी माणसालाही सहज वाचता येत नाही. जुने जपानी व्याकरण निराळे. जुन्या पोथ्यांची अक्षरे एकात एक गुंतलेली, आपल्या मोडीसारखी. घरातल्या पेटीत आजोबांचे मोडी कागद असतात आणि आपण ते उलटेसुलटे धरून बघतो, तशी गत तिथल्याही बहुतेकांची. शिवाय कानबुन नावाचा प्रकार, म्हणजे चिनी मजकुराला शेजारी बारीक खुणा करून जपानी क्रमाने वाचायची युक्ती. हे सगळे परक्याला पायरीपायरीने शिकवण्याची पद्धत युरोपात दीडदोनशे वर्षे घासूनपुसून तयार झाली. पॅरिसला चिनीचे अध्यासन १८१४ सालचे, लायडनला जपानी-चिनीचे १८५५ चे, ऑक्सफर्डला चिनीचे १८७६ चे. लंडनची पौर्वात्य संस्था १९१६ ची. तिथला जपानीचा पदवी अभ्यासक्रम चार वर्षांचा असतो आणि त्यातले एक वर्ष विद्यार्थ्याला जपानलाच धाडतात. शिवाय चीन, जपान, कोरिया तिन्हींचे ग्रंथ एका छपराखाली. चिनी लिपीने हे देश शतकानुशतके एकत्र बांधले होते, त्यामुळे एकाला दुसऱ्याशिवाय समजणे कठीण. कोरियाच्या राजा सेजोंगने १४४६ साली जनतेसाठी सोपी लिपी जाहीर केली, तरी तिथले पंडित पुढे कित्येक शतके चिनीलाच चिकटून राहिले. जपानात पुरुष चिनीत पांडित्य मिरवत असताना मुरासाकी शिकिबू नावाच्या दरबारी बाईने अकराव्या शतकाच्या आरंभी घरच्या भाषेत 'गेंजी' लिहिली. ज्ञानेश्वरी १२९० ची. संस्कृत सोडून मराठीत लिहिणे म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे त्याला मुरासाकीचे धाडस लंडनच्या गोऱ्या विद्यार्थ्यापेक्षा लवकर कळेल. आपल्या मुली तिथे जाव्यात त्या यासाठीच.

परक्याच्या अनुवादावर भिस्त ठेवली की काय होते तेही बघा. 'गेंजी' पाश्चात्त्य जगाला वेड लावून गेली ती आर्थर वेलीच्या इंग्रजीतून. सुंदर इंग्रजी, पण एक अख्खे प्रकरण त्याने गाळले. त्यावरून मराठी करणाऱ्याला ते गेल्याचा पत्ताही लागणार नाही. शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवली, तिचे ऋण मोठे आहे. पण तीही आली इंग्रजीच्याच वाटेने. किती दिवस शेजाऱ्याच्या विहिरीवरून पाणी आणायचे?

वेलीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. हा गृहस्थ १९१३ पासून ब्रिटिश म्युझियममध्ये नोकरी करत होता, चित्रांच्या नोंदी लावायचे काम. ती चित्रे समजावीत म्हणून चिनी आणि जपानी स्वतःच शिकला. जन्मात कधी आशियात गेला नाही. आमच्यासारखाच टेबलावरचा माणूस! मी बी.ए.ला मराठी आणि इतिहास घेतला होता. पुढे शिकायचे मनात होते. तेविसाव्या वर्षी कारकुनाची ऑर्डर आली, वडील म्हणाले "सरकारी आहे, सोडू नको", आणि मी सोडली नाही. वेलीला टेबलाने अडवले नाही, मला अडवले. यात टेबलाचा दोष नाही.

राहिले आप्पा. काय मिळणार? आप्पा, खोटे सांगत नाही, पैशाची खात्री नाही. ज्या देशात हा अभ्यास वाढला तिथेही तो बाजाराच्या आणि युद्धाच्या तालावर नाचतो. अमेरिकेने जपानीचे वर्ग भरभरून चालवले ते महायुद्धात, आणि परभाषांसाठी कायदा करून पैसा ओतला तो रशियाचा उपग्रह आकाशात गेल्यावर, १९५८ साली. इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठाने आपला पूर्व आशिया विभाग बंद करण्याचा निर्णय २००३ साली घेतला आणि २००७ मध्ये कुलूप लावले. तेव्हा नोकरीची हमी मी देणार नाही.

पण डोनाल्ड कीनची गोष्ट सांगतो. १९४० साली न्यूयॉर्कच्या एका दुकानात त्याने वेलीची 'गेंजी' घेतली, स्वस्त म्हणून, ४९ सेंटला. युद्धात नौदलाने त्याला जपानी शिकवले आणि मेलेल्या जपानी सैनिकांच्या डायऱ्या वाचायला बसवले. शत्रूच्या गुप्त बातम्या हुडकायला बसलेल्या त्या पोराला आईची, गावाची आठवण काढणारी माणसे सापडली. पुढे सारा जन्म त्याने जपानी वाङ्मयाला दिला, कोलंबिया विद्यापीठात शिकवले, आणि भूकंप-त्सुनामीनंतर परदेशी लोक जपान सोडून जात असताना नव्वदी ओलांडता ओलांडता तिथला नागरिक झाला. आमची मुलगी जपानीकडे वळली ती टीव्हीवरच्या कार्टूनमुळे, म्हणून सगळे हसले. कीन वळला तो स्वस्ताईमुळे. माणूस कुठल्या दारातून आत शिरला हे महत्त्वाचे नसते.

आपल्या घरातून पोरे गेली ती आखातात गेली, बोटीवर गेली, पोर्तुगालला गेली, कॉम्प्युटरसाठी अमेरिकेला गेली. कोणी "काय मिळणार" विचारले नाही, कारण उत्तर माहीत होते. पहिल्यांदाच एक मुलगी वाचायला निघाली आहे, तर आपण तिघे न्यायाधीश बसवतो.

असो. गेल्या सोमवारी ती आणि तिची आई कर्जाचे कागद घेऊन आल्या. बँकेला पगारदार जामीनदार हवा होता. सख्ख्या काकांनी नाही म्हटले होते. फीचा आकडा बघून माझेही डोळे पांढरे झाले, बायकोने स्वयंपाकघरातून एकदा माझ्याकडे बघितले. मग मी पगाराची पावती जोडली आणि सही केली. पोरीकडून मी एकच कबूल करून घेतले आहे. आयुष्यात कधीतरी एक जपानी पुस्तक, मधे इंग्रजी न घालता, तिने मराठीत आणायचे. ती म्हणाली, "मामा, वेळ लागेल."

लागू दे. निवृत्तीला मला अजून बरीच वर्षे आहेत.